वेगळे केलेले प्लास्टिक पुन्हा पुन्हा मागे का राहते? दोष शोधण्याचा क्रम

घरातील प्लास्टिक वेगळे करून, धुऊन, वेळेवर बाहेर ठेवले तरी ते मागेच ठेवले जाते, ही तक्रार ऐकायला एकच वाटते. प्रत्यक्षात तिची निरनिराळी रूपे असतात, प्रत्येकाचे कारण वेगळे असते आणि आपल्याकडे नेमके कोणते रूप दिसते आहे हे आधी ठरवले तर पुढची निम्मी शोधाशोध वाचते. वेगवेगळ्या घरांत आणि इमारतींत हाच दोष दुरुस्त करताना मी जो क्रम पाळत आलो आहे, तो येथे मांडला आहे. तो सोप्याकडून अवघडाकडे आणि बिनखर्चाच्या उपायाकडून कष्टाच्या उपायाकडे जातो. मधल्या पायऱ्या गाळून एकदम खाली जाणाऱ्याला बहुधा पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे संपूर्ण पिशवी किंवा पेटी न उघडता जागच्या जागी राहणे. अशा वेळी आतील प्लास्टिकला दोष देण्यात अर्थ नसतो, कारण ते कोणी पाहिलेलेच नसते. दिवस चुकलेला असतो, भांडे ठरलेले नसते, पिशवीचे तोंड घट्ट बांधलेले असते किंवा उचलताना ती अपेक्षेपेक्षा जड लागते.

दुसरे लक्षण असे की बहुतेक माल नेला जातो आणि ठरावीक दोन-चार वस्तू मात्र दर वेळी तळाशी सोडल्या जातात. येथे दोष त्या वस्तूंचा असतो आणि शोध तुलनेने सोपा असतो: त्या वस्तू फेकून न देता बाजूला ठेवाव्यात, कारण पुढील प्रत्येक तपासणीत त्यांचाच उपयोग होणार आहे.

तिसरे लक्षण लोकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते. एका आठवड्यात सगळे नेले जाते, दुसऱ्या आठवड्यात तसेच दिसणारे प्लास्टिक नाकारले जाते, आणि मग दोष कर्मचाऱ्यांच्या लहरीवर ढकलला जातो. माझे मत वेगळे आहे. गाडीवरच्या माणसाकडे प्रत्येक घरामागे काही क्षणच असतात. त्यात तो वरचा थर पाहतो, वजन अजमावतो आणि निर्णय घेतो. त्यामुळे तीच भेसळ एकदा खाली दबलेली असते म्हणून निघून जाते आणि एकदा वर आलेली असते म्हणून पकडली जाते. दोष दोन्ही आठवड्यांत तोच असतो.

याखेरीज पेटीला वास येणे, मुंग्या आणि माश्या लागणे, तळ चिकट होणे ही लक्षणे अर्धवट रिकाम्या किंवा न वाळलेल्या वस्तूंकडे बोट दाखवतात. माल नेला जातो पण नंतर ‘भेसळ आहे’ असा शेरा येतो, तेव्हा मात्र दोष बाहेरून न दिसणारा असतो: एकात एक कोंबलेल्या वस्तू, अंगभर वेष्टन असलेल्या बाटल्या, काळे प्लास्टिक, अगदी लहान तुकडे.

तक्रार आली की जवळजवळ प्रत्येक जण वस्तू उलटी करून तळावरचा त्रिकोणातील क्रमांक शोधू लागतो. माझ्या क्रमात तो क्रमांक बराच उशिरा येतो, कारण नाकारलेल्या मालात ‘चुकीच्या जातीचे प्लास्टिक’ मला कमी सापडते आणि ‘योग्य जातीचे, पण चुकीच्या अवस्थेतील प्लास्टिक’ फार जास्त.

तपासणी पहिली: सध्याचा नियम वाचणे

यास पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांत हे काम होते, तरीही हीच पायरी सर्वाधिक गाळली जाते. संकलन करणाऱ्या यंत्रणेची सध्या लागू असलेली यादी मिळवावी आणि तिच्यावरील तारीख पाहावी. भिंतीवर चिकटवलेला जुना कागद पुरेसा नाही. यादीत तीन गोष्टी शोधाव्यात: प्लास्टिक स्वतंत्र घेतले जाते की कागद, धातू आणि काच यांच्यासह एकत्र, ते सुटे ठेवायचे की पिशवीत, आणि वस्तू प्लास्टिकच्या जातीनुसार सांगितल्या आहेत की आकारानुसार. ‘बाटल्या, बरण्या आणि डबे’ असे लिहिले असेल तर त्याच प्लास्टिकचा ट्रे, खेळणे किंवा बादली त्यात बसत नाही.

आकाराला इतके महत्त्व का, असा प्रश्न येतो. फुंकून घडवलेल्या बाटलीसाठी वापरलेले प्लास्टिक वितळल्यावर घट्ट राहावे लागते, तर साच्यात दाबाने भरलेल्या डब्यासाठी तेच प्लास्टिक पातळ वाहणारे लागते. दोहोंवर क्रमांक एकच छापलेला असला तरी एकत्र वितळवल्यावर मिळणारा माल दोन्ही कामांना अर्धवट ठरतो. म्हणून पुढचा खरेदीदार आकाराची अट घालतो आणि ती अट आपल्या यादीत उतरते.

नियम बदलतातही. चीनने 2018 पासून घरगुती प्लास्टिक कचऱ्याची आयात बंद केली आणि इतर अनेक टाकाऊ मालांसाठी भेसळीची मर्यादा 0.5 टक्क्यांवर आणली. धोकादायक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या बाझेल करारातील प्लास्टिकविषयक दुरुस्त्या 1 जानेवारी 2021 पासून लागू झाल्या. आधी खपणारा मिश्र माल त्यामुळे खपेनासा झाला आणि ठिकठिकाणी याद्या आखडल्या. ‘आजवर तर नेत होते’ हा युक्तिवाद म्हणूनच फारसा टिकत नाही.

तपासणी दुसरी: उचलून हलवून पाहणे

पेटीतील प्रत्येक बंद बाटली उचलावी आणि कानाजवळ हलवावी. आत खळखळ ऐकू आली तर ती बाजूला काढावी. चार घोट द्रव शिल्लक असलेली बाटली वरकरणी निरुपद्रवी दिसते, परंतु वर्गीकरण केंद्रात तिचा प्रवास चुकतो. तेथे पट्ट्यावरून सरकणाऱ्या वस्तूंवर इन्फ्रारेड किरण टाकून प्लास्टिकची जात ओळखली जाते आणि योग्य क्षणी हवेचा झोत सोडून ती वस्तू पलीकडच्या कप्प्यात उडवली जाते. रिकाम्या बाटलीच्या वजनाचा अंदाज धरून हा झोत जुळवलेला असतो. जड बाटली ओळखली जाते, पण उडत नाही. ती उरलेल्या कचऱ्यासोबत पुढे जाते. एकत्र संकलन असेल तर झाकण निघून तो द्रव कागदावर सांडतो आणि एका बाटलीपायी बराच चांगला कागद वाया जातो.

उपाय साधा आहे: बाटली रिकामी करावी, हवा काढण्यापुरती दाबावी आणि झाकण पुन्हा लावावे. सुटे झाकण फार लहान असल्याने चाळणीतून खाली पडते, तर बाटलीला लावलेले झाकण पुढे कामी येते. पुनर्वापर केंद्रात बाटल्यांचे तुकडे करून पाण्यात सोडले जातात, तेव्हा पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक तळाशी जाते आणि झाकणाचे प्लास्टिक तरंगते. यादीत झाकण काढून ठेवण्यास स्पष्ट सांगितले असेल तर अर्थातच यादीचे ऐकावे.

बाटली पूर्ण चपटी करण्याचा उत्साह मात्र आवरावा, विशेषतः जेथे कागद आणि प्लास्टिक एकत्र नेले जाते. तेथील फिरत्या चकत्यांची चाळणी सपाट वस्तूला कागद समजते आणि फुगीर वस्तूला बाटली किंवा डबा. तळव्यासारखी चपटी झालेली बाटली कागदाच्या ढिगात जाते.

तपासणी तिसरी: पिशव्या आणि एकात एक घातलेल्या वस्तू

जागा वाचावी म्हणून लहान डबा मोठ्या डब्यात, त्यात वाटी, वाटीत झाकण, अशी रचना करण्याची सवय घरोघरी असते. यंत्राला ती सर्व मिळून एकच वस्तू दिसते आणि बाहेरच्या डब्याची जात आतल्या सर्वांना चिकटते. हातांनी निवड होत असेल तरी निवडणाऱ्याला त्या वस्तू एकमेकींतून सोडवण्याइतका वेळ नसतो. प्रत्येक वस्तू सुटी ठेवणे हाच यावर इलाज आहे. पेटी लवकर भरते ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी मोठी पेटी मागावी.

पिशव्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. सुटे ठेवण्याचा नियम असताना प्लास्टिक बांधलेल्या पिशवीतून दिले, तर आत काय आहे ते दिसत नाही आणि अपारदर्शक पिशवी बहुतेक ठिकाणी न उघडताच टाकून दिली जाते. शिवाय पातळ पिशव्या आणि ताणली जाणारी वेष्टने केंद्रातील फिरत्या दांड्यांभोवती गुंडाळली जातात. दांडा जाड होतो, चकत्यांमधील फटी बुजतात, यंत्र थांबवावे लागते आणि माणसाला आत उतरून सुरीने तो गुंता कापावा लागतो. हे काम धोक्याचे आहे. म्हणून पिशव्यांसाठी वेगळी संकलनाची सोय असेल तरच त्या द्याव्यात आणि तेव्हाही कोरड्या, रिकाम्या व एकत्र भरून, सांगितलेल्या जागीच द्याव्यात.

चंदेरी वेष्टन धातूचे आहे की मुलामा दिलेल्या प्लास्टिकचे, हे कळण्यासाठी ते मुठीत चुरगाळून सोडावे. आतून चंदेरी दिसणारा कागद चुरगाळलेलाच राहिला तर तो बहुधा धातूचा पातळ पत्रा असतो. हळूहळू उलगडून पुन्हा पसरला तर प्लास्टिकवर धातूचा मुलामा दिलेला असतो. असे एकमेकांना चिकटवलेले थर साध्या प्रक्रियेत वेगळे होत नाहीत, आणि यादीत त्यांचे नाव नसेल तर त्यांना सुक्या कचऱ्याच्या उरलेल्या भागातच जागा आहे.

याच टप्प्यावर लहान वस्तूही वेचून काढाव्यात. साधारण पाच सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडा चाळणीतून काचेच्या चुऱ्यात पडतो, मग तो कितीही चांगल्या प्लास्टिकचा असो. नळ्या, चमचे आणि तुटलेल्या क्लिपा या गटात येतात.

तपासणी चौथी: स्वच्छता, आणि ती किती

या मुद्द्यावर दोन टोकाची घरे आढळतात. एका घरात अर्धी भरलेली बरणी तशीच टाकतात. दुसऱ्या घरात बरणी साबणाने घासून, पुसून, आरशासारखी करून ठेवतात. दुसऱ्या घराचे कष्ट वाया जातात, कारण पुनर्वापर केंद्रात सगळ्या तुकड्यांना गरम पाण्याची आणि क्षाराची धुणी मिळणारच असते. तेथील धुण्याला पातळ थर निघतो. घट्ट लगदा, बुरशी आणि तेलाचा साठा निघत नाही, किंवा निघाला तर सगळे पाणी खराब करून निघतो. आपल्याला एवढेच साधायचे आहे की गठ्ठा बांधेपर्यंतच्या काळात वस्तू सडू नये आणि शेजारच्या वस्तूला खराब करू नये.

त्यासाठी एक कसोटी पुरते. वस्तू उलटी धरावी. काही गळू नये. आतून बोट फिरवावे. बोटाला लगदा लागू नये. डाग किंवा रंग राहिला तर राहू द्यावा. आधी खरवडून घ्यावे आणि नंतर भांडी विसळलेल्या पाण्यानेच विसळावे, म्हणजे वेगळे पाणी खर्च होत नाही. तेलाची बाटली काही तास उलटी निथळत ठेवावी, मग थोडे कोमट साबणाचे पाणी घालून, झाकण लावून जोराने हलवावी. उकळते पाणी मुळीच वापरू नये. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक सुमारे 70 अंश सेल्सिअसला मऊ होऊन आक्रसते आणि हातात धरलेली बाटली वाकून चटका बसतो.

धुतल्यावर वाळवणे विसरले जाते. ओल्या वस्तू झाकणबंद पेटीत ठेवल्या की वास धरतात, आणि ‘आम्ही तर धुऊन देतो’ असे सांगणाऱ्या घरांत वासाचे कारण पुष्कळदा हेच निघते. विसळलेल्या वस्तू रात्रभर जाळीवर पालथ्या ठेवाव्यात.

एक इशारा येथेच द्यायला हवा. स्वच्छतागृहाच्या आम्लयुक्त द्रवाची बाटली आणि ब्लीचची बाटली कधीही एकाच टबात किंवा एकापाठोपाठ त्याच मोरीत विसळू नये. दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारी वायू तयार होतात. अशा बाटल्या विसळायच्या असतील तर वेगवेगळ्या वेळी, खिडकी उघडी ठेवून, भरपूर पाण्याने विसळाव्यात.

तपासणी पाचवी: एका वस्तूत दडलेली दुसरी वस्तू

येथून पुढे थोडा हात चालवावा लागतो. साबणाच्या किंवा लोशनच्या बाटलीवरील पंप उघडून पाहिला तर त्यात बारीक धातूची स्प्रिंग, कधी एखादी काचेची किंवा धातूची गोळी आणि दोन-तीन प्रकारचे प्लास्टिक दिसते. पंप काढून टाकावा आणि बाटली द्यावी. बरणीच्या तोंडावरची चकाकती पट्टी पूर्ण सोलून काढावी; अर्धी लोंबकळती ठेवू नये. डब्याभोवतीचे पुठ्ठ्याचे कडे काढून कागदात घालावे.

काही बाटल्यांना खालपासून वरपर्यंत घट्ट आवळलेले छापील वेष्टन असते. इन्फ्रारेड किरण त्या वेष्टनावरच थबकतात आणि यंत्र वेष्टनाची जात वाचून बाटली चुकीच्या कप्प्यात पाठवते. अशा वेष्टनाला बहुधा उभी टिंबाटिंबांची रेघ असते. तिच्यावरून नख फिरवले की ते फाटून निघते. याउलट बाटलीच्या मध्यभागी डिंकाने चिकटवलेले साधे लेबल खरवडत बसण्याची गरज नाही. ते बाटलीचा थोडाच भाग झाकते आणि धुणीत सुटते.

काळ्या ट्रेंचाही येथेच विचार करावा. काळा रंग देण्यासाठी वापरलेली काजळी इन्फ्रारेड किरण शोषून घेते. किरण परत येत नाहीत आणि यंत्राच्या दृष्टीने ती वस्तू पट्ट्यावर नसतेच. त्यामुळे पांढरा ट्रे नेला जातो आणि त्याच क्रमांकाचा काळा ट्रे मागे राहतो, यात कोणाचा पक्षपात नसतो. ते टाळण्याचा मार्ग खरेदीच्या वेळी निवडता येतो, नंतर नाही.

तपासणी सहावी: आता क्रमांक

वरील सर्व तपासण्यांतून सुटलेल्या वस्तूच आता हातात असतील. त्रिकोणातील 1 ते 7 हे क्रमांक अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने 1988 मध्ये आणले आणि त्यांचा हेतू वस्तू कोणत्या राळेची, म्हणजे कोणत्या जातीच्या प्लास्टिकची, आहे हे पुनर्वापर करणाऱ्याला कळावे एवढाच होता. बाणांचा त्रिकोण पाहून लोक त्याला ‘ही वस्तू पुनर्वापरात जाते’ अशी हमी समजू लागले, म्हणून एएसटीएम इंटरनॅशनल या मानक संस्थेने 2013 मध्ये बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण स्वीकारला. जुने साचे वर्षानुवर्षे चालत असल्याने बाण अजूनही सर्वत्र दिसतात.

1 म्हणजे पीईटी, पाणी आणि शीतपेयांच्या स्वच्छ पारदर्शक बाटल्यांचे प्लास्टिक. 2 म्हणजे एचडीपीई, डिटर्जंटच्या जाड बाटल्या आणि कॅन. 3 म्हणजे पीव्हीसी. 4 म्हणजे एलडीपीई, म्हणजे मऊ पिशव्या आणि दाबून वापरायच्या काही बाटल्या. 5 म्हणजे पीपी, म्हणजे डबे, झाकणे आणि बिजागरीसारखी उघडणारी टोपणे. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, मग ते कडक असो वा थर्माकोलसारखे फुगवलेले. 7 म्हणजे उरलेले सगळे काही. साधारणपणे 1 आणि 2 च्या बाटल्यांना सर्वत्र मागणी असते, 5 ला पुष्कळ ठिकाणी असते आणि 3, 6, 7 घरगुती संकलनात क्वचितच स्वीकारले जातात.

मिसळण इतकी खुपते का, याचे उत्तर तापमानात आहे. पॉलिथीन (क्रमांक 2 आणि 4) साधारण 110 ते 135 अंशांना वितळते, पीपी 160 अंशांच्या पुढे, तर पीईटीला 250 अंशांच्या आसपास जावे लागते. पॉलिथीनच्या घाण्यात पीईटीचा तुकडा पडला तर तो न वितळता गाळणीच्या जाळीवर अडकतो. उलट पीईटीमध्ये पीव्हीसी पडले तर ते त्या उष्णतेत जळून विघटित होते, हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते आणि सगळा घाणा पिवळसर व काळ्या ठिपक्यांचा करते. पीव्हीसीचे अगदी अल्प प्रमाणही त्यासाठी पुरते. 7 क्रमांकात लपलेले पीएलए हे वनस्पतीजन्य प्लास्टिक दिसायला पीईटीसारखेच पारदर्शक असते; पेल्यावर ‘कंपोस्टेबल’ असे शब्द दिसले की तो प्लास्टिकच्या पेटीत टाकू नये.

तपासणी सातवी: क्रमांक नसेल तर

पारदर्शक बाटलीवर क्रमांक नसेल तर ती उलटी करून तळ उजेडात धरावा. तळाच्या बरोबर मध्यभागी मसुराएवढा किंवा त्याहून लहान उंचवटा दिसला तर ती पीईटीची समजावी. ही बाटली आधी परीक्षानळीसारख्या जाड नळीच्या रूपात साच्यात ओतली जाते, मग तापवून ताणून फुगवली जाते, आणि तो उंचवटा म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरल्याची खूण असते. त्याऐवजी तळावर आडवी, चिमटल्यासारखी सरळ रेघ असेल तर ती वेगळ्या पद्धतीने फुगवलेली आहे आणि पारदर्शक असूनही रेघ असलेली बाटली पीव्हीसीची असू शकते. तिची कड बोटांनी दुमडावी. घडीवर पांढरट ओरखडा उमटून राहिला तर संशय बळावतो आणि बाटली पेटीबाहेर ठेवावी.

अपारदर्शक वस्तूंसाठी पाण्याची कसोटी उपयोगी पडते. वस्तूचा हवा न अडकणारा सपाट तुकडा कापून बादलीत सोडावा आणि पाण्यात साबणाचा थेंब घालावा, म्हणजे बुडबुडे चिकटून तुकडा खोटा तरंगत नाही. पॉलिथीन आणि पीपी पाण्याहून हलके असल्याने तरंगतात. पॉलिस्टायरीन, पीईटी आणि पीव्हीसी बुडतात. बुडालेला तुकडा लिटरभर पाण्यात साधारण 150 ग्रॅम मीठ विरघळवलेल्या द्रावणात टाकला असता पॉलिस्टायरीन वर येते आणि बाकीची दोन तळाशीच राहतात. या कसोटीच्या मर्यादाही आहेत: ती पॉलिथीन आणि पीपी यांच्यात फरक करत नाही, पीईटी आणि पीव्हीसी यांच्यातही करत नाही, आणि खडूची पूड मिसळून जड केलेले पीपी बुडून फसवते.

तुकडा पेटवून ज्योतीचा रंग आणि धुराचा वास पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो घरी मुळीच अमलात आणू नये. पीव्हीसीच्या धुरातील आम्ल डोळे आणि फुप्फुसे जाळते, आणि एका डब्याची जात कळण्यासाठी एवढी किंमत मोजण्याचे कारण नाही. शंका उरली की ती वस्तू उरलेल्या कचऱ्यात टाकावी. एक डबा वाया गेल्याचे नुकसान एक गठ्ठा नाकारला जाण्यापेक्षा कमी असते.

तपासणी आठवी: पेटी ओतून मोजदाद

इथपर्यंत येऊनही दोष सापडला नाही, तर किळस बाजूला ठेवून पेटी जमिनीवर ओतावी लागते. मोकळ्या हवेत जुनी चादर पसरावी, जाड हातमोजे घालावेत आणि हात खुपसून चाचपडण्याऐवजी चिमट्याने किंवा काठीने वस्तू पसराव्यात. मग चार ढीग करावेत: यादीत बसणाऱ्या, यादीत बसणाऱ्या पण ओल्या किंवा घाणेरड्या, यादीबाहेरच्या, आणि न कळणाऱ्या. प्रत्येक ढिगाचे छायाचित्र काढावे आणि पुढच्या काही संकलनांच्या आधी हेच पुन्हा करावे, कारण एकाच वेळच्या ढिगावरून सवय कळत नाही.

या मोजदादीतून सहसा असे दिसते की भेसळ घरभर पसरलेली नसते. ती एखाद्या ठिकाणाहून येते. न्हाणीघरात सुक्या कचऱ्याचे वेगळे भांडे नसते, म्हणून तेथील सगळे एकाच डब्यात पडते. किंवा इमारतीत प्लास्टिकची पेटी जिन्याजवळ आणि उरलेल्या कचऱ्याची पेटी दूर असते, म्हणून जवळच्या पेटीत सगळे जाते. अशा वेळी सूचनाफलक मोठा करून फारसे साधत नाही. दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, प्लास्टिकच्या पेटीला पूर्ण झाकणाऐवजी बाटली जाईल एवढे गोल छिद्र असलेले झाकण बसवावे आणि वर शब्दांऐवजी खरोखर नाकारल्या गेलेल्या वस्तूंची छायाचित्रे लावावीत. या तीन बदलांनी जेवढा फरक पडतो तेवढा मी कोणत्याही समजावणीने पडलेला पाहिलेला नाही.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पेटीत फुगलेली, गरम लागणारी किंवा गोडसर रसायनी वास येणारी बॅटरी दिसली, अथवा बॅटरी आत असलेले खेळणे किंवा उपकरण दाबले गेलेले दिसले, तर वर्गीकरण तेथेच थांबवावे. लिथियम बॅटरी चिरडली की पेट घेते, आणि संकलन गाड्यांत व वर्गीकरण केंद्रांत लागणाऱ्या आगींचे ते एक प्रमुख कारण आहे. धूर किंवा फुसफुस सुरू असेल तर हात न लावता सर्वांना दूर करावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे. शांत असलेली बॅटरी धोकादायक किंवा इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या संकलनाकडे स्वतंत्र द्यावी.

सुया आणि इंजेक्शने आढळली तर ती हाताने वेचू नयेत. वैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना कळवावे. सुई टोचली गेली तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. कीटकनाशक, इंजिन ऑइल, थिनर किंवा नाव नसलेल्या द्रवाची बाटली उघडून हुंगू नये, मोरीत ओतून विसळू नये. झाकण घट्ट लावून, उभी ठेवून धोकादायक कचऱ्याच्या विभागाला विचारावे. दाब असलेले फवाऱ्याचे डबे टोचून रिकामे करण्याचा प्रयत्नही करू नये. बाटल्या विसळताना डोळे चुरचुरू लागले किंवा खोकला आला तर आणखी पाणी ओतत उभे न राहता खोलीबाहेर पडावे, आणि श्वासाचा त्रास टिकला तर वैद्यकीय मदत घ्यावी.

एक प्रसंग धोक्याचा नसूनही थांबण्याचा आहे. वरील सर्व तपासण्या केल्या, सलग काही वेळा पेटीत यादीबाहेरचे काही निघाले नाही, आणि तरीही माल मागे राहतो, तर दोष आपल्या बाजूला उरलेला नाही. खरेदीदार बदललेला असतो, केंद्र बंद असते, गाडीचा मार्ग बदललेला असतो किंवा कर्मचाऱ्यांना दिलेली सूचना आणि आपल्याला दिलेली यादी एकमेकींशी जुळत नाही. यावर घरात आणखी बारीक वर्गीकरण करून काही साधत नाही. संकलन यंत्रणेच्या पर्यवेक्षकाला लेखी कळवावे, आणि पत्रात नाकारल्याच्या तारखा, पेटी कशी ठेवली होती, कोणत्या वस्तू सोडल्या गेल्या त्यांची छायाचित्रे आणि आपल्याकडील यादीची तारीख एवढे द्यावे. शक्य असल्यास त्यांच्या माणसाने संकलनाच्या वेळी प्रत्यक्ष येऊन पेटी पाहावी अशी मागणी करावी. नाकारलेली वस्तू हातात घेऊन ‘ही का नाही’ असे विचारता आले की उत्तर बहुधा त्याच वेळी मिळते.